वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा माग काढणारा शल्यविशारद

रुग्णालयाच्या कागदपत्रांत काही माणसे आजाराचे नाव होऊन राहतात. पार्किन्सन आणि अल्झायमर ही नावे आता घराघरांत पोहोचली आहेत. कुशिंग हे नाव त्या मानाने कमी ऐकू येते. चेहरा गोल होऊन सुजल्यासारखा दिसणे, पोट सुटत असताना हातपाय मात्र बारीक होणे, पोटावर जांभळट पट्टे उमटणे, रक्तदाब आणि साखर बरोबरीने वाढणे अशा तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर डॉक्टर हे नाव लिहितात. ते आहे हार्वे विल्यम्स कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाचे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत गाठ झाली, तर माणसाचा चेहरा, दृष्टी, बांधा आणि मूल होण्याची क्षमताही कशी बदलत जाते, याचा पाठपुरावा त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ केला.

पीयूषिका ग्रंथी आकाराने वाटाण्याएवढी. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाच्या हाडात घोड्याच्या खोगिरासारखा एक खळगा असतो, त्यात ती बसलेली असते. गळ्यातील थायरॉइड, मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी, स्त्रियांचे बीजकोश आणि पुरुषांचे वृषण यांच्या कामावर तिचे नियंत्रण चालते. शरीराची वाढ आणि बाळंतिणीचे दूध यांची संप्रेरकेही तीच सोडते. तिच्या अगदी वर दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना छेदतात. त्यामुळे येथे वाढलेली गाठ दोन प्रकारे उपद्रव देते. एक तर ती एखादे संप्रेरक बेसुमार सोडते, किंवा वाढून शेजारच्या नसांवर आणि खुद्द ग्रंथीवर दाब आणते. काही गाठी दोन्ही करतात. या गाठी बहुतांशी कर्करोगाच्या नसतात आणि बहुतेकींवर उपाय आहे. तरीही त्या ओळखल्या जाईपर्यंत अनेकदा वर्षे लोटतात. कुशिंग यांची पहिली लढाई या उशिराशीच होती.

पिढीजात वैद्यकी

हार्वे कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलंड येथे झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील, आजोबा आणि पणजोबा हे तिघेही डॉक्टर. हार्वे यांनी १८९१ साली येल विद्यापीठाची पदवी घेतली. तेथे ते बेसबॉलचे चांगले खेळाडू म्हणून ओळखले जात. त्यांचा हात चित्रकलेतही सफाईदार होता. पुढील आयुष्यात शस्त्रक्रिया आटोपल्यावर तिचे रेखाचित्र स्वतः काढण्याची सवय त्यांना याच हाताने लावली.

हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयात शिकत असताना १८९३ साली एका घटनेने त्यांना हादरवले. त्या काळी रुग्णाला ईथर देऊन बेशुद्ध करण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवले जाई. कुशिंग ईथर देत असलेला एक रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावला. वैद्यकीय शिक्षण सोडून द्यावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. ते त्यांनी सोडले नाही. त्याऐवजी अर्नेस्ट कॉडमन या सहाध्यायाबरोबर त्यांनी एक तक्ता तयार केला. रुग्ण बेशुद्ध असताना त्याची नाडी आणि श्वास ठरावीक वेळाने मोजून त्या तक्त्यावर नोंदवायचा, अशी ही पद्धत. आज कोणत्याही शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञ जी नोंद ठेवतात, तिच्या प्रारंभीच्या रूपांपैकी हे एक होते. चूक झाली की तिची नोंद करायची आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून मोजमाप वाढवायचे, ही कुशिंग यांची रीत येथून सुरू झाली.

१८९५ साली पदवी मिळाल्यावर त्यांनी बोस्टनमध्ये उमेदवारी केली आणि १८९६ साली ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॅल्स्टेड यांच्या हाताखाली दाखल झाले. हॅल्स्टेड यांची शस्त्रक्रिया संथ, रक्तस्राव टाळणारी आणि कमालीची काळजीपूर्वक. मेंदूसारख्या नाजूक अवयवावर काम करायचे तर हीच शिस्त लागणार होती. त्या वेळी मेंदूवरील शस्त्रक्रिया हे स्वतंत्र क्षेत्र नव्हते. सर्वसाधारण शल्यविशारद कधीमधी धाडस करीत आणि बहुतेक रुग्ण हातचे जात. मेंदूतील गाठ काढणे म्हणजे जवळजवळ मृत्यूला आमंत्रण, असाच समज होता.

१९०० साली कुशिंग युरोपच्या अभ्यासदौऱ्यावर गेले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे थिओडोर कोखर यांच्याकडे त्यांनी प्रयोग केले. कवटीतील दाब वाढला की शरीर रक्तदाब वाढवून मेंदूचा रक्तपुरवठा टिकवू पाहते, हे त्यांनी त्यातून दाखवले. इटलीतील पाव्हिया येथे त्यांना रिव्हा-रोची यांचे रक्तदाब मोजण्याचे उपकरण पाहायला मिळाले. ते त्यांनी १९०१ साली अमेरिकेत नेले आणि शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब मोजण्याचा आग्रह धरला. दंडाभोवती पट्टा गुंडाळून रक्तदाब पाहणे आज गल्लीतल्या दवाखान्यातही नित्याचे आहे. अमेरिकेत ते रुजवण्यात कुशिंग यांचा मोठा वाटा आहे.

हुकलेले निदान

परत आल्यावर १९०१ च्या अखेरीस त्यांच्याकडे एक किशोरवयीन मुलगी आली. तिचे डोके सतत दुखत होते आणि दृष्टी मंदावत चालली होती. वजन वाढले होते, पण वयात येण्याच्या खुणा दिसत नव्हत्या. कवटीतील दाब वाढला आहे, हे कुशिंग यांनी ओळखले. गाठ मात्र कोठे आहे, हे त्यांना कळले नाही. त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, पण गाठ सापडली नाही आणि ती मुलगी वाचली नाही. शवविच्छेदनात पीयूषिका ग्रंथीच्या जागी मोठी गाठ आढळली.

योगायोग असा, की त्याच वर्षी व्हिएन्नात फ्रोलिश या डॉक्टरांनी अशाच लक्षणांचा एक रुग्ण प्रसिद्ध केला होता आणि मूळ पीयूषिकेत असल्याचे सुचवले होते. वाढलेले वजन, खुंटलेली लैंगिक वाढ आणि जाणारी दृष्टी ही तीन लक्षणे तीन वेगळ्या तक्रारी नव्हत्या. ती एकाच जागेकडे बोट दाखवत होती. कुशिंग यांच्यासमोर ती तिन्ही होती, तरी त्यांचा एकत्रित अर्थ लागला नाही. हे अपयश त्यांनी लपवले नाही. १९०६ साली त्यांनी या विषयावर लेख प्रसिद्ध केला आणि पीयूषिका ग्रंथी हा आपल्या अभ्यासाचा केंद्रबिंदू केला.

बाल्टिमोर येथील प्रयोगशाळेत त्यांनी सहकाऱ्यांसह कुत्र्यांची पीयूषिका ग्रंथी काढून परिणाम तपासले. ती पूर्ण काढल्यास प्राणी जगत नाही, असा निष्कर्ष त्यांनी १९१० साली मांडला. पुढील संशोधनात तो जसाच्या तसा टिकला नाही. मात्र ही ग्रंथी कमी काम करू लागली, तर वाढ खुंटते आणि प्रजननक्षमता घटते, हे या प्रयोगांनी ठळक केले. एकाच ग्रंथीचे काम वाढले तर एक आजार आणि घटले तर दुसरा, अशी मांडणी कुशिंग यांनी या काळात केली.

नाकाच्या वाटेने

पीयूषिका ग्रंथीपर्यंत पोहोचायचे कसे, हा खरा पेच होता. कवटी उघडून मेंदू उचलून खाली जाणे धोक्याचे. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे हेरमान श्लोफर यांनी १९०७ साली नाकाच्या पोकळीतून मागे जाऊन या गाठीवर शस्त्रक्रिया केली. कुशिंग यांनी मार्च १९०९ मध्ये ही वाट धरली. त्यांचा रुग्ण अ‍ॅक्रोमेगलीने त्रस्त असलेला एक शेतकरी होता. फ्रेंच डॉक्टर पिएर मारी यांनी १८८६ साली नाव दिलेल्या या आजारात वाढीचे संप्रेरक प्रौढपणीही बेसुमार तयार होते. हात, पाय, जबडा, नाक आणि जीभ वाढत जातात. शस्त्रक्रियेनंतर या रुग्णाला आराम पडला आणि तो घरी गेला.

पुढे कुशिंग यांनी या पद्धतीत महत्त्वाचे बदल केले. वरच्या ओठाच्या आतून छेद घेऊन, नाकाच्या मधल्या पडद्याच्या बाजूने ते ग्रंथीपर्यंत जाऊ लागले. त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नसे. १९१० ते १९२५ या काळात त्यांनी या मार्गाने पीयूषिकेच्या २३१ गाठींवर शस्त्रक्रिया केल्या आणि मृत्यूचे प्रमाण ५.६ टक्के राहिले. हा काळ प्रतिजैविकांपूर्वीचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. नाकाची वाट जंतूंनी भरलेली आणि मेंदूच्या आवरणाला संसर्ग झाला तर हाती औषध नाही. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली आणि त्यानंतर तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. ज्या औषधाच्या नावाने पिंपरीची औद्योगिक ओळख सुरू झाली, ते कुशिंग यांना शस्त्रक्रियागृहात कधीच उपलब्ध नव्हते.

याच काळात लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात त्यांनी एक वेगळाच पुरावा पाहिला. चार्ल्स बर्न हा अठराव्या शतकातील आयरिश राक्षसी उंचीचा तरुण १७८३ साली मरण पावला. त्याच्या इच्छेविरुद्ध त्याचा सांगाडा शल्यविशारद जॉन हंटर यांनी मिळवला होता. १९०९ साली कुशिंग यांच्या उपस्थितीत आर्थर कीथ यांनी त्याची कवटी उघडली, तेव्हा पीयूषिकेचा खळगा मोठा झालेला दिसला. त्याच्या उंचीचे कारण सव्वाशे वर्षांनी सापडले. जनुकीय तपासणीतून या गाठीमागचा आनुवंशिक दोष २०११ साली उघड झाला. संग्रहालय २०२३ साली पुन्हा उघडले, तेव्हा तो सांगाडा प्रदर्शनातून काढण्यात आला होता.

१९१२ साली कुशिंग यांचा पीयूषिका ग्रंथी आणि तिचे विकार या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास ते बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात आणि हार्वर्ड विद्यापीठात रुजू झाले. तेथे त्यांनी रुग्ण तपासण्याची जी पद्धत घालून दिली, ती त्यांच्या कौशल्याइतकीच महत्त्वाची ठरली. प्रत्येक रुग्णाची छायाचित्रे घेतली जात. क्लिफर्ड वॉकर यांच्या साहाय्याने दृष्टिक्षेत्राचे नकाशे काढले जात. काढलेली गाठ जपून ठेवली जाई. बरे होऊन गेलेल्या रुग्णांनी दरवर्षी पत्राने आपली खबर कळवावी, असा त्यांचा आग्रह असे. ही सारी नोंद सांभाळण्याचे काम लुइझ आइझेनहार्ट यांनी केले. संपादनसाहाय्यक म्हणून कामाला लागलेल्या या बाई पुढे वैद्यकीय पदवी घेऊन मेंदूच्या गाठींच्या नामवंत विकृतिशास्त्रज्ञ झाल्या.

युद्ध आणि घर

पहिल्या महायुद्धात कुशिंग १९१५ साली आणि पुन्हा १९१७ साली फ्रान्समध्ये गेले. डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर ते तासन् तास शस्त्रक्रिया करीत. मेंदूत रुतलेले लोखंडी तुकडे काढण्यासाठी त्यांनी चुंबकाचा वापर केला. एकाच वेळी नीट साफसफाई करून जखम पूर्ण बंद करण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे अशा जखमींतील मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटले. ऑगस्ट १९१७ मध्ये त्यांचे गुरुतुल्य मित्र सर विल्यम ऑस्लर यांचा एकुलता मुलगा रेव्हेअर जखमी होऊन आला. कुशिंग रात्री धावत तेथे पोहोचले, पण त्याला वाचवता आले नाही. १९१८ साली त्यांना स्वतःला नसांच्या आजाराने गाठले. पायांतील ताकद पुढे पूर्णपणे परत आली नाही.

१९२६ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात विलक्षण ठरले. ऑस्लर यांच्या चरित्राबद्दल त्यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला. विल्यम बोव्ही यांच्या विद्युत उपकरणाने रक्तवाहिन्या बंद करून, पूर्वी हात लावणे शक्य नसलेल्या गाठी काढायला त्यांनी सुरुवात केली. आणि त्याच वर्षी त्यांचा थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात मरण पावला. ती बातमी कळल्यावरही ठरलेली शस्त्रक्रिया त्यांनी त्या दिवशी पार पाडली, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. याला कोणी कर्तव्यनिष्ठा म्हणेल, कोणी कठोरपणा. सहकाऱ्यांना त्यांच्या रागाचा धाक असे. पत्नी कॅथरिन यांनी पाच मुलांचा संसार बव्हंशी एकटीने सांभाळला. रुग्णांशी मात्र ते कमालीच्या आस्थेने वागत.

१९३२ चा निबंध

कवटी उघडून वरून जाण्याची पद्धत सुरक्षित होत गेली, तसे कुशिंग यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस नाकाची वाट जवळपास सोडून दिली. वरून गेल्यास डोळ्यांच्या नसा प्रत्यक्ष दिसत आणि त्यांवरील दाब खात्रीने दूर करता येत असे. त्यांचा अधिकारच एवढा मोठा, की त्यांच्या पाठोपाठ बहुतेकांनी ती वाट सोडली. एप्रिल १९३१ मध्ये त्यांनी मेंदूतील गाठीवरील दोन हजारावी शस्त्रक्रिया केली.

१९३२ साली त्यांनी बारा रुग्णांची माहिती देणारा निबंध प्रसिद्ध केला. गोल चेहरा, धडावर चढलेली चरबी, जांभळे पट्टे, ठिसूळ हाडे, वाढलेला रक्तदाब आणि बंद झालेली पाळी यांमागे पीयूषिकेतील अतिशय छोटी गाठ असते, असे त्यांनी मांडले. गाठ काही वेळा इतकी लहान, की शवविच्छेदनातही ती शोधावी लागे. अनेकांनी शंका घेतली, कारण अशाच काही रुग्णांत दोष अधिवृक्क ग्रंथीत सापडत होता. पुढे उलगडा झाला. शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक दीर्घकाळ जास्त राहिले, की ही लक्षणे दिसतात. त्याचे मूळ पीयूषिकेत असेल तर त्याला कुशिंग यांचा आजार म्हणतात. मूळ कोठेही असले तरी त्या लक्षणसमूहाला कुशिंग सिंड्रोम हे नाव आहे.

त्याच वर्षी ते बोस्टनमधून निवृत्त झाले आणि १९३३ साली येल विद्यापीठात परतले. अतिधूम्रपानाने पायांच्या रक्तवाहिन्या खराब झाल्या होत्या. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने त्यांचे न्यू हेवन येथे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्या स्वतःच्या मेंदूतही एक लहान निरुपद्रवी गाठ आढळली. आयुष्यभर इतरांच्या गाठी शोधणाऱ्या या माणसाला ती कधी जाणवली नव्हती.

सोडलेली वाट पुन्हा

नाकाच्या वाटेचा वारसा एका शिष्याने जपला. स्कॉटलंडचे नॉर्मन डॉट १९२३-२४ मध्ये बोस्टनला कुशिंग यांच्याकडे शिकले होते. एडिंबरोला त्यांनी ती पद्धत चालू ठेवली. त्यांच्याकडून पॅरिसचे जेरार गिओ ती शिकले आणि गिओ यांच्याकडून मॉन्ट्रियलचे ज्यूल्स हार्डी. हार्डी यांनी १९६० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. त्यामुळे निरोगी ग्रंथी वाचवून फक्त छोटी गाठ काढणे शक्य झाले. १९९० च्या दशकापासून दुर्बिणीचा वापर वाढला. आज या गाठींच्या बहुतेक शस्त्रक्रिया नाकातूनच होतात.

भारतात डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ साली वेल्लोर येथे या शाखेची सुरुवात केली. मुंबईत डॉ. होमी दस्तूर यांनी केईएम रुग्णालयात तिचा पाया घातला. डॉ. राम गिंडे हेही त्या पिढीतील अग्रगण्य नाव. याच केईएममधील डॉ. अतुल गोयल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली पीयूषिकेच्या ११८ महाकाय गाठींवरील शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जगभर त्याची दखल घेतली गेली. महाकाय म्हणजे चार सेंटिमीटरहून मोठ्या. मुळात वाटाण्याएवढ्या ग्रंथीत लिंबाएवढी गाठ होईपर्यंत रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही, ही त्या आकड्यामागची दुखरी बाजू आहे.

आज निदान कसे होते

कुशिंग यांच्याकडे एमआरआय नव्हते आणि रक्तातील संप्रेरके मोजण्याची सोयही नव्हती. आज दोन्ही उपलब्ध आहेत. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीला सूक्ष्म आणि त्याहून मोठीला स्थूल गाठ म्हणतात. सर्वाधिक आढळणारी संप्रेरके सोडणारी गाठ प्रोलॅक्टिनची. स्त्रियांत पाळी बंद होणे, गरोदर नसताना स्तनांतून दूध येणे आणि मूल न होणे, तर पुरुषांत कामेच्छा कमी होणे, ही तिची लक्षणे. या गाठीला बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. कॅबरगोलिनसारख्या गोळ्यांनी ती आक्रसते. पुरुष संकोचाने बोलत नाहीत, म्हणून त्यांच्यात ती मोठी झाल्यावरच सापडते.

वाढीच्या संप्रेरकाच्या गाठीसाठी रक्तातील आयजीएफ-१ आणि ग्लुकोज पाजून केलेली चाचणी उपयोगी पडते. कॉर्टिसॉलच्या गाठीसाठी चोवीस तासांची लघवी, रात्री उशिराची लाळ किंवा डेक्सामेथासोनची गोळी देऊन सकाळचे रक्त तपासतात. या दोन्हींवर शस्त्रक्रिया हा पहिला उपाय. ती पुरेशी न ठरल्यास औषधे आणि नेमके किरणोपचार आहेत. थायरॉइडला चेतवणारी गाठ दुर्मिळ. कोणतेही संप्रेरक न सोडणाऱ्या गाठी दृष्टी जाऊ लागल्यावर लक्षात येतात आणि मोठ्या असतील तर काढाव्या लागतात. लहान आणि मूक गाठीवर काही वर्षे नुसती नजर ठेवली तरी चालते. शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना अतिशय लघवी होते, नाकातून मेंदूतील पाणी झिरपते किंवा काही संप्रेरके आयुष्यभर गोळ्यांच्या रूपाने घ्यावी लागतात. अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या आणि दिसेनासे होणे हे गाठीत रक्तस्राव झाल्याचे चिन्ह असू शकते. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

कारखान्याच्या पट्ट्यात

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. डोकेदुखी, थकवा आणि झोपेची तक्रार रात्रपाळीच्या नावावर सहज खपते. बहुतेक वेळा कारण तेच असते आणि पीयूषिकेची गाठ हे त्या मानाने क्वचित आढळणारे कारण आहे. परंतु काही खुणा येथील जीवनक्रमातच दिसू शकतात. कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा बुटांचा आकार प्रौढ माणसाला वर्षागणिक वाढवून मागावा लागत असेल, बोटातली अंगठी निघेनाशी झाली असेल, जबडा पुढे येऊन दातांत फटी पडल्या असतील, तर ते वाढत्या वयाचे लक्षण नव्हे. ओळखपत्रावरचा दहा वर्षांपूर्वीचा फोटो आणि आजचा चेहरा शेजारी ठेवले, तर रोज पाहणाऱ्या घरच्यांना न दिसलेला बदलही दिसतो.

दृष्टीचा मुद्दा अधिक महत्त्वाचा. ही गाठ प्रथम दोन्ही बाजूंची, कानाकडची नजर खाते. समोरचे स्पष्ट दिसत राहते. त्यामुळे भिंतीवरच्या तक्त्यावरील अक्षरे वाचण्याच्या नेहमीच्या तपासणीत असा कामगार उत्तीर्ण होऊ शकतो आणि फोर्कलिफ्ट चालवताना किंवा नाशिक महामार्गावर दुचाकीने जाताना बाजूने येणारे वाहन मात्र त्याला दिसत नाही. दारांच्या चौकटींना खांदे आपटू लागले, चष्म्याचा नंबर बदलूनही समाधान होत नसेल, तर दृष्टिक्षेत्राची तपासणी मागून घ्यावी. वॉकर यांनी कुशिंग यांच्या रुग्णांचे जे नकाशे शंभर वर्षांपूर्वी काढले, तीच ही तपासणी. आता ती यंत्रावर थोड्या वेळात होते.

आणखी एक इशारा कुशिंग यांच्या नावाशी जोडलेला आहे. आज कुशिंग सिंड्रोमचे सर्वांत सामान्य कारण गाठ नसून दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे आहेत. सांधेदुखी किंवा दम्यावर घेतलेल्या बेनामी पुड्या आणि डॉक्टरांना न विचारता चालू ठेवलेल्या गोळ्या यांतून ती शरीरात जातात. ती एकाएकी थांबवणेही जिवावर बेतू शकते. म्हणून चेहरा गोल होऊ लागला, तर औषधांची पूर्ण यादी घेऊन डॉक्टरांकडे जाणे हे पहिले काम.

कुशिंग यांनी जपून ठेवलेल्या रुग्णांच्या मेंदूंच्या बरण्या अनेक वर्षे येलमधील विद्यार्थी वसतिगृहाच्या तळघरात दुर्लक्षित पडल्या होत्या. २०१० साली येलच्या वैद्यकीय ग्रंथालयात कुशिंग केंद्र सुरू झाले आणि त्यांतील चारशेहून अधिक बरण्या छायाचित्रांसह मांडण्यात आल्या. त्यांची जन्मतारीख, ८ एप्रिल, जगभर कुशिंग आजाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळली जाते. १९०१ साली त्यांच्याकडे आलेल्या मुलीची लक्षणे नोंदली गेली होती, पण ती एकत्र वाचली गेली नाहीत. आज यंत्रे आणि औषधे दोन्ही आहेत. उरते ते एवढेच, की डोकेदुखी एकाकडे, पाळी दुसऱ्याकडे आणि चष्मा तिसऱ्याकडे अशा तुकड्यांत न वाटता, रुग्णाने आपल्या साऱ्या तक्रारी एकाच डॉक्टरसमोर एकदा सलग सांगाव्यात आणि डॉक्टरांनी त्या सलग ऐकाव्यात.